गणित संशोधनातून प्रकाशनात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएचडी संपत आलेले विद्यार्थी, दुसऱ्या-तिसऱ्या पोस्टडॉकवर, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदावर असलेले संशोधक आणि गणित शिकवणारे प्राध्यापक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पेचाचे पुढे आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गणित शिकलेल्या माणसाला प्रकाशनात नेमकं कोणतं काम मिळतं?

बाहेरून एकच दिसणारी ही पाच-सहा वेगवेगळी कामं आहेत. कमिशनिंग एडिटर कोणतं पुस्तक काढायचं ते ठरवतो आणि लेखक मिळवतो. डेव्हलपमेंट एडिटर पाठ्यपुस्तकाची रचना, उदाहरणं आणि स्वाध्याय लेखकासोबत बसून घडवतो. कॉपी एडिटर भाषा, चिन्हं आणि सुसंगती पाहतो. प्रॉडक्शन एडिटर हस्तलिखितापासून छपाईच्या फाइलपर्यंतचं वेळापत्रक सांभाळतो. टाइपसेटर लेटेक या गणिती मजकुराच्या अक्षरजुळणी प्रणालीत पानं लावतो. जर्नल विभागातली माणसं लेखांची परीक्षण प्रक्रिया चालवतात. याशिवाय गणिताच्या संदर्भसेवा आहेत. १९४० साली सुरू झालेलं मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज आणि १९३१ साली सुरू झालेलं, आता झेडबीमॅथ ओपन नावाने खुलं असलेलं त्सेंट्रालब्लाट ही त्यांतली दोन मोठी नावं. नव्या शोधनिबंधांचं वर्गीकरण करणं आणि त्यांची समीक्षणं मिळवणं हे तिथल्या संपादकांचं काम.

अर्ज करण्याआधी यातलं कोणतं काम हवं ते ठरवा. 'प्रकाशनात काहीही चालेल' असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो, कारण या प्रत्येक कामाची निवड वेगळी माणसं करतात.

२. पीएचडी लागतेच का?

कामावर अवलंबून आहे. संदर्भसेवांमधल्या संपादकाला संशोधनाची पातळी ओळखता यावी लागते, त्यामुळे तिथे पीएचडी जवळजवळ गृहीत असते. संशोधन ग्रंथांच्या कमिशनिंगमध्ये ती नसली तरी चालतं, पण असली तर लेखकांशी बोलताना पहिल्या दहा मिनिटांतच उपयोगी पडते. शालेय आणि पदवीपूर्व पाठ्यपुस्तकांसाठी एमएससी आणि शिकवण्याचा अनुभव हे जास्त वजनदार. प्रॉडक्शन आणि टाइपसेटिंगमध्ये पदवी कोणी फारशी विचारत नाही, तिथे चाचणीतलं काम बोलतं (प्रश्न ६).

३. कमिशनिंग एडिटर दिवसभर पुस्तकं वाचतो का?

नाही, आणि या गैरसमजातून आलेले लोक वर्षभरात निराश होतात. त्याचा बहुतेक दिवस पत्रव्यवहार, आकडेमोड आणि पाठपुरावा यांत जातो. एका पुस्तकाचा प्रवास साधारण असा होतो.

लेखक प्रस्ताव पाठवतो. त्यात उद्देश, प्रकरणवार आराखडा, एक-दोन नमुना प्रकरणं, वाचक कोण आणि याच विषयावर आधी कोणती पुस्तकं आहेत, एवढं असतं. संपादक तो २ ते ४ तज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी पाठवतो. अभिप्राय आले की लेखकाचं उत्तर मागवतो. त्यानंतर खर्च-उत्पन्नाचा तक्ता करतो. किती पानं, पहिल्या वर्षी किती प्रती, ई-पुस्तकाचा वाटा किती, रॉयल्टी किती, टाइपसेटिंगचा खर्च किती, हे सगळं त्यात येतं. मग प्रस्ताव मंजुरीसाठी जातो. विद्यापीठांच्या प्रकाशन संस्थांत प्राध्यापकांच्या मंडळाचीही संमती लागते. ऑक्सफर्डमध्ये त्या मंडळातल्या सदस्यांना डेलिगेट्स म्हणतात, केंब्रिजमध्ये सिंडिक्स. तिथून होकार आला की करार होतो.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. गणिताची पुस्तकं बहुधा वर्गातल्या टिपणांतून वाढतात, आणि लेखक म्हणतो, 'अजून एक सत्र शिकवून पाहतो.' हस्तलिखित एक वर्ष लांबणं ही नेहमीची गोष्ट आहे. 'काम कसं चाललंय?' या प्रश्नाला 'छान' एवढंच उत्तर येतं. 'चौथ्या प्रकरणाचे स्वाध्याय झाले का? झाले असतील तर तेवढेच पाठवाल?' असं विचारलं की खरी परिस्थिती कळते.

गणितज्ञाला सर्वांत जड जातो तो तक्ता. त्यातले आकडे सिद्ध करता येत नाहीत, अंदाजच करावा लागतो आणि त्यावर सही करावी लागते. शेजारच्या दोन-तीन पुस्तकांची विक्री पाहून अंदाज बांधायची सवय लागेपर्यंत हे अस्वस्थ करतंच.

४. कॉपी एडिटरने सिद्धता तपासायच्या असतात का?

नसतात. सिद्धता बरोबर असण्याची जबाबदारी लेखकाची, आणि ती पारखण्याचं काम परीक्षकांचं. पण गणित येणाऱ्या कॉपी एडिटरला असं बरंच दिसतं जे इतरांना दिसत नाही, आणि तिथेच तुमची किंमत आहे. चिन्हाची व्याख्या वापरानंतर तीन पानांनी येते. एकच अक्षर एका प्रकरणात मितीसाठी आणि पुढच्या प्रकरणात निर्देशांकासाठी येतं. 'लेमा २.१ नुसार' असं लिहिलंय, पण २.१ ही तर व्याख्या आहे.

असं काही दिसलं तर दुरुस्त करू नका, लेखकाला विचारा. चांगली विचारणा अशी असते: 'पान ४७, ओळ १२. प्रमेयाच्या विधानात अवकाश कॉम्पॅक्ट असल्याचं म्हटलं आहे. सिद्धतेत तो हाउसडॉर्फ असल्याचंही वापरलेलं दिसतं. विधानात गृहीतक वाढवायचं, की हे आधी कुठे सांगितलं आहे?' जागा नेमकी सांगितली, निरीक्षण मांडलं आणि दोन पर्याय दिले. लेखक एका ओळीत उत्तर देऊ शकतो. 'ही सिद्धता नीट वाटत नाही' असं लिहिलंत तर लेखक दुखावतो आणि उत्तर महिनाभर येत नाही.

नव्याने आलेल्या गणितज्ञांचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. सिद्धता लांबलचक दिसली की हात शिवशिवतात आणि ते ती नव्याने लिहून टाकतात. त्या बदलात चूक राहिली तर ती लेखकाच्या नावावर छापली जाते. शिवाय दिवसाला वीस पानांचं ठरलेलं काम चार पानांवर येतं.

नियमित तपासणीतल्या गोष्टी मात्र तुमच्याच आहेत:

- वजाचं चिन्ह, शब्द जोडणारी छोटी रेघ आणि पानांच्या मर्यादेतली मधली रेघ या तीन वेगळ्या खुणा आहेत.
- चल तिरप्या अक्षरांत, पण साइन, कॉस, लॉग ही नावं सरळ अक्षरांत.
- एल हे अक्षर आणि १ हा अंक, ग्रीक न्यू आणि रोमन व्ही, रिक्त संचाचं चिन्ह आणि ग्रीक फाय, सदस्यत्वाचं चिन्ह आणि एप्सिलॉन या जोड्या एकमेकींच्या जागी घुसतात.
- वेगळ्या ओळीतलं समीकरणही वाक्याचाच भाग असतं, त्यामुळे त्याच्या शेवटी स्वल्पविराम किंवा पूर्णविराम लागतो.
- वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नये, विशेषतः आधीचं वाक्य चिन्हावर संपलं असेल तर.
- लांब समीकरण वेगळ्या ओळीत असेल तर ते अधिक-वजाच्या आधी तोडतात, मजकुराच्या ओळीत असेल तर चिन्हानंतर.

प्रकाशन संस्थेची स्वतःची शैलीपुस्तिका या यादीच्या वर असते. दोघींत विरोध आला तर पुस्तिकेचं ऐका.

५. मला लेटेक उत्तम येतं. तेवढं पुरेसं आहे का?

लेखकाचं लेटेक आणि प्रॉडक्शनचं लेटेक यांत बराच फरक आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड कनूथ यांना १९७७ साली आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून अक्षरजुळणी खटकली आणि त्यातून टेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली उभी राहिली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लेटेक रचलं. लेटेकचा मूळ विचार असा की लेखकाने अर्थ सांगावा आणि रूप क्लास फाइलने, म्हणजे मांडणीचे नियम असलेल्या फाइलने ठरवावं. प्रत्यक्षात लेखक रूपही हातानेच ठरवतात, आणि ते निस्तरणं हे प्रॉडक्शनचं काम.

हस्तलिखितात काय काय सापडतं? प्रमेयांचे क्रमांक हाताने टाइप केलेले असतात, त्यामुळे एक प्रमेय वाढलं की सगळे संदर्भ चुकतात. पान नीट दिसावं म्हणून ठिकठिकाणी उभी जागा सोडलेली असते, आणि संस्थेच्या क्लासमध्ये मजकूर गेला की ती भलत्याच ठिकाणी उघडी पडते. जुनं इक्वेशन-अ‍ॅरे वातावरण बरोबरच्या चिन्हाभोवती जास्त जागा सोडतं, ते अलाइनमध्ये बदलावं लागतं. कोन-कंसांच्या जागी लहान-मोठेपणाची चिन्हं वापरलेली असतात. आकृत्या पडद्यावरून टिपलेल्या असतात आणि छपाईत धूसर येतात. लेखकाचे स्वतःचे मॅक्रो, म्हणजे त्याने बनवलेल्या छोट्या आज्ञा, संस्थेच्या मॅक्रोंशी भांडतात.

मॅक्रोंचा त्रास पीडीएफवर संपत नाही. वेबसाठी आणि ई-पुस्तकासाठी मजकूर एक्सएमएल या खुणांच्या संगणकीय भाषेत जातो आणि समीकरणं मॅथएमएल या तिच्या गणिती रूपात. रूपांतर करणाऱ्या साधनाला तुमचे खास मॅक्रो कळले नाहीत तर समीकरण गायब होतं किंवा चित्र बनून बसतं. चित्र बनलेलं समीकरण अंध वाचकाच्या वाचनयंत्राला वाचता येत नाही, म्हणून हा नुसता देखणेपणाचा मुद्दा नाही.

तयारी म्हणून एक करा. तुमचाच जुना प्रबंध एखाद्या प्रकाशन संस्थेच्या मोफत मिळणाऱ्या क्लास फाइलमध्ये बसवून पाहा. लॉगमधली, म्हणजे लेटेक चालवल्यावर येणाऱ्या नोंदींतली प्रत्येक सूचना शून्यावर आणेपर्यंत थांबू नका. दोन आठवड्यांत जे कळेल ते कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

६. निवडीच्या चाचणीत काय विचारतात?

कॉपी एडिटरला साधारण ५ ते १० पानं देतात, त्यांत मुद्दाम पेरलेल्या चुका असतात. पहिल्या वाचनात फक्त अर्थ घ्या. दुसऱ्यात चिन्हं आणि क्रमांक पाहा, आणि हाताशी एक कोरा कागद ठेवून प्रत्येक नवं चिन्ह पानाच्या क्रमांकासह टिपा. तिसऱ्यात भाषा. शेवटी संदर्भसूची, कारण पेरलेल्या चुका तिथे हमखास असतात. एकाच लेखकाचं नाव दोन प्रकारे, मजकुरात २००३ आणि सूचीत २००४, असं काहीतरी. विचारणांचा कागद वेगळा जोडा. तपासणारे त्यातला सूर फार बारकाईने पाहतात (प्रश्न ४).

कमिशनिंगसाठी बहुधा एखादा प्रस्ताव देऊन एक-दोन पानी मत मागतात. तिथे गणिताचं कौतुक एका परिच्छेदात संपवा. उरलेली जागा वाचक कोण, कोणत्या अभ्यासक्रमात बसेल, स्पर्धक पुस्तकांत काय नाही आणि कोणत्या तीन तज्ज्ञांकडे पाठवाल यासाठी ठेवा. काही ठिकाणी मागच्या मुखपृष्ठाचा दीडशे शब्दांचा मजकूरही लिहायला सांगतात. तो लेखकाच्या सहकाऱ्यासाठी लिहू नका, विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहा.

७. माझा सीव्ही आठ पानांचा आहे. काय काढू?

दोन पानांवर आणा. शोधनिबंधांची यादी एका ओळीत आटपा: विषय, संख्या, दुव्याचा पत्ता. परिषदांतल्या व्याख्यानांची यादी काढून टाका. त्याऐवजी जे तुम्ही क्षुल्लक समजता ते वर घ्या. किती लेखांचं परीक्षण केलं, विभागाचं नियतकालिक किंवा परिषदेचा संग्रह सांभाळला का, स्वाध्यायसंच लिहिले का, इतरांचे प्रबंध भाषेसाठी तपासले का, किती लेखकांकडून मजकूर वेळेत मिळवला. शेवटचा मुद्दा असेल तर तो सर्वांत वर.

८. अनुभवच नाही, तर सुरुवात कुठून?

झेडबीमॅथ ओपन किंवा मॅथेमॅटिकल रिव्ह्यूजसाठी समीक्षक होता येतं. अनोळखी निबंधाचा गाभा अर्ध्या पानात सांगण्याचा तो उत्तम सराव आहे. गणित विषय वर्गीकरण, म्हणजे एमएससी २०२०, त्याच ओघात अंगवळणी पडतं. वरच्या पातळीवरचे त्याचे ६३ विभाग ओळखीचे असले तर कमिशनिंगमध्ये परीक्षक शोधणं सोपं जातं.

दुसरं म्हणजे शब्दसूची. पुस्तकाच्या शेवटची सूची करायला बहुतेक लेखकांना कंटाळा येतो. एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या पुस्तकाची सूची करून द्या आणि आभारात नाव मागा. ते दाखवण्याजोगं, तपासता येण्याजोगं काम असतं.

९. मुलाखतीत 'संशोधन का सोडलं?' असं विचारलं तर?

खरं सांगा, पण तिथे रेंगाळू नका. कायम नोकऱ्या थोड्या आहेत हे समोरच्याला माहीत असतं, त्यातले अनेकजण स्वतः त्याच वाटेने आलेले असतात. त्यांना खरी भीती असते ती दोन वर्षांत तुम्ही परत जाल याची. तुम्ही या कामासाठी आधीच काय केलं आहे ते सांगणं, हेच त्या भीतीला उत्तर (प्रश्न ५ आणि ८).

१०. फ्रीलान्स काम घेताना दर कसा ठरवायचा?

शब्दांवर दर स्वीकारू नका. गणिताच्या पानात अर्धी जागा सूत्रांची असते आणि शब्द मोजणारं साधन ती एक तर मोजत नाही किंवा प्रत्येक चिन्ह शब्द धरतं. तासावर किंवा पानावर दर मागा. पानावर असेल तर पान म्हणजे किती हे लेखी घ्या. हस्तलिखिताचं पान २५० शब्दांचं धरायचा रिवाज आहे, पण टाइपसेट केलेलं पान त्याच्या दीड-दोनपट असू शकतं.

होकार देण्याआधी पुस्तकाच्या मधल्या भागातली दहा पानं मागवा आणि घड्याळ लावून करा. पहिली पानं नेहमी स्वच्छ असतात, त्यांवरून काढलेला वेळ फसवतो. विचारणांची उत्तरं आल्यावरची दुसरी फेरी दरात धरली आहे का, हेही आधीच विचारून ठेवा.

११. नोकरी सांभाळून संशोधन चालू ठेवता येईल?

येईल, पण विद्यापीठ सोडण्याआधी काही कामं उरका. संस्थेचा ईमेल बंद होतो, म्हणून अर्काइव्ह (निबंध खुले ठेवण्याचं संकेतस्थळ), ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) आणि जर्नलांच्या खात्यांत आधीच खासगी पत्ता घाला. नंतर पासवर्ड बदलता आला नाही की स्वतःच्याच निबंधाची नवी आवृत्ती चढवता येत नाही. ग्रंथालयाची सोयही जाते. माजी सदस्यांना प्रवेश मिळतो का ते विचारून ठेवा.

नोकरीच्या करारातली दोन कलमं वाचा: बाहेरच्या लेखनाला परवानगी लागते का, आणि तुमच्या लेखनाचा कॉपीराइट कोणाकडे राहतो. स्वतःचं पुस्तक लिहायचं असेल तर हे रुजू होण्याआधीच स्पष्ट करून घ्या.

१२. माझ्या गाईडचं पुस्तक माझ्याच टेबलावर आलं तर?

त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा. पुस्तक दुसऱ्या संपादकाकडे जाईल किंवा परीक्षकांची निवड दुसरं कोणी करेल. सहलेखक, जवळचे नातेवाईक आणि ज्यांच्याशी उघड वाद झाला आहे अशी माणसं, सगळ्यांना हाच नियम. गणितातली क्षेत्रं लहान असतात, त्यामुळे अगदी अनोळखी लेखक मिळणं कठीण. ओळख असण्यात दोष नाही, ती नोंदवलेली हवी.

१३. जर्नलमध्ये नोकरी लागली तर लेख मी नाकारणार का?

गणिताच्या बहुतेक जर्नलांत निर्णय विद्वानांच्या संपादक मंडळाचा असतो. नोकरीतला संपादक प्रक्रिया चालवतो. परीक्षक अडले की आठवण करणं, वाङ्मयचौर्य आणि खोट्या ईमेलचे बनावट परीक्षक पकडणं, नीतिविषयक तक्रारी मार्गी लावणं. प्रकाशनातल्या नीतिमत्तेसाठी १९९७ साली स्थापन झालेल्या कोप या समितीची मार्गदर्शक तत्त्वं इथे पाठ असावी लागतात. गणितात परीक्षणाला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. इतर विज्ञानांतून आलेल्या व्यवस्थापकांना हे समजावणं हाही कामाचा भाग आहे.

मंडळ आणि प्रकाशक यांचं बिनसलं तर काय होतं हे टोपॉलॉजी या जर्नलने दाखवलं. २००६ साली संपूर्ण मंडळाने किमतीच्या मुद्द्यावर राजीनामा दिला आणि २००८ पासून जर्नल ऑफ टोपॉलॉजी सुरू झालं.

१४. मी २०१२ च्या बहिष्कारावर सही केली होती. व्यावसायिक प्रकाशकाकडे अर्ज करावा का?

गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या लेखातून एल्सव्हियर या व्यावसायिक प्रकाशकाविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या प्रतिज्ञेत तीन वेगळे पर्याय होते: लेख देणार नाही, परीक्षण करणार नाही, संपादनाचं काम करणार नाही. तुम्ही काय निवडलं होतं ते आधी पाहा, यादी जाहीर होती. त्या संस्थेत अर्ज करणार असाल तर मुलाखतीत विषय निघण्याची वाट न पाहता स्वतः सांगा. मत बदललं नसेल तर तिथे जाऊ नका, रोजच्या कामात ते टोचत राहील. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी, सायम (औद्योगिक आणि उपयोजित गणिताची संस्था) यांसारख्या संस्थांचे स्वतःचे प्रकाशन विभाग आहेत. युरोपातल्या ईएमएस प्रेसने ग्रंथालयांच्या वर्गणीतून जर्नलं सर्वांना खुली करण्याची पद्धत स्वीकारली आहे.

१५. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं गणित संपादित करायचं असेल तर?

तांत्रिक बाजू सोपी झाली आहे. देवनागरीसारख्या लिपीसाठी लेटेकची झीलेटेक किंवा लुआलेटेक ही नवी रूपं वापरा, जुन्या पीडीएफलेटेकमध्ये जोडाक्षरं नीट बसत नाहीत. सूचीसाठी त्या भाषेचा वर्णक्रम जाणणारं साधन लागतं, नाहीतर नोंदी संगणकाच्या क्रमाने लागतात. खरा वेळ परिभाषेत जातो. पहिल्याच आठवड्यात संज्ञांचा तक्ता करा आणि लेखकाची सही घ्या. फलन की फंक्शन, समूह की गट, हा वाद सातव्या प्रकरणात निघाला तर आधीची सहा पुन्हा उघडावी लागतात.

१६. हस्तलिखित तपासायला एआय वापरू का?

संस्थेने मंजूर केलेलं साधन असेल तरच. अप्रकाशित मजकूर बाहेरच्या सेवेत टाकणं हा लेखकाच्या विश्वासाचा भंग आहे, बहुधा कराराचाही. मंजूर साधन असलं तरी सूत्रांतले बदल एकेक करून पाहा. अशी साधनं कधीकधी चिन्ह 'सुधारून' देतात आणि वाक्य इतकं गुळगुळीत वाटतं की डोळा थांबत नाही.

१७. पुस्तक छापून झाल्यावर प्रमेय चुकीचं निघालं. आता?

आधी लेखकाकडून लेखी खात्री घ्या: विधान चुकीचं आहे, की फक्त सिद्धतेत फट आहे? मग त्यावर आधारलेली पुढची प्रमेयं कोणती याची यादी मागा. नुकसान किती हे त्या यादीवरून कळतं. फट भरता येत असेल तर पुस्तकाच्या पानावर शुद्धिपत्र लावा आणि पुनर्मुद्रणासाठी दुरुस्ती त्याच दिवशी फाइलमध्ये नोंदवा. किरकोळ दुरुस्तीचं पुनर्मुद्रण जुन्याच आयएसबीएनवर (पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर) निघतं. प्रकरणच नव्याने लिहावं लागलं तर ती नवी आवृत्ती, आणि तिला नवा आयएसबीएन. दुरुस्त प्रमेयाचा क्रमांक मात्र बदलू देऊ नका. वगळायचं झालं तरी तो क्रमांक रिकामा ठेवा आणि तिथे एक ओळ लिहा, कारण इतरांनी आपल्या निबंधांत 'प्रमेय ५.३ पाहा' असं आधीच छापलेलं असतं.